गोचीड-निवारण : अपकर्षणाकडून निदानपरिवर्जनाकडे

मृगाचा पाऊस पडून रानात व अंगणात गवत उगवले, की नांदेड व लातूर जिल्ह्यांतील ग्रामीण चिकित्सालयांत आणि औषधी दुकानांत एक मागणी हमखास येऊ लागते : "गोचिडीचे औषध द्या." मागणारा एकच वाक्य बोलतो, परंतु त्यामागे प्रश्न निरनिराळे असतात. कोणाच्या म्हशीची कास गोचिडींनी भरलेली असते, कोणाच्या घरच्या कुत्र्याचे कान, तर कोणाच्या लेकराच्या कानामागे एखादी गोचीड रुतून बसलेली असते. सर्वांना बहुधा एकच उत्तर मिळते, ते म्हणजे एक बाटली. पंधरा-वीस दिवसांनी तोच गृहस्थ परत येतो व "औषध लागू पडले नाही" अशी तक्रार करतो.

वस्तुतः औषध बहुतेक वेळा लागू पडलेले असते. अंगावरील गोचिडी मेलेल्या असतात. नंतर दिसतात त्या भिंतीच्या भेगेतून, दगडांच्या सांदीतून व गवतातून आलेल्या नव्या असतात. गोचिडीच्या आयुष्याचा मोठा भाग जनावराच्या अंगावर जात नाही, हे एक तथ्य ध्यानात न घेतल्याने आपली चिकित्सा अर्धी राहते. या तथ्याच्या आधारे घर, अंगण व गोठा यांतील गोचीड-निवारणाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी लागणारी चौकट आपल्या संहितांमध्येच उपलब्ध आहे.

ग्रंथोक्त त्रिसूत्री

चरकसंहितेच्या विमानस्थानातील सातव्या अध्यायात कृमींच्या चिकित्सेचे तीन टप्पे सांगितले आहेत : अपकर्षण, प्रकृतिविघात आणि निदानपरिवर्जन. अपकर्षण म्हणजे कृमी प्रत्यक्ष ओढून काढणे. प्रकृतिविघात म्हणजे कृमींना पोषक अशी परिस्थिती द्रव्यांच्या योगाने बिघडविणे. आणि निदानपरिवर्जन म्हणजे ज्या कारणांमुळे कृमी उत्पन्न होतात ती कारणेच टाळणे. त्याच अध्यायात बाह्य मलज कृमींची नावे यूका व पिपीलिका अशी येतात आणि स्वच्छतेचा अभाव हे त्यांचे कारण सांगितले आहे. गोचिडीचा त्या यादीत स्वतंत्र निर्देश नाही. तथापि शरीराबाहेर राहून रक्तावर जगणाऱ्या जीवाला हे सूत्र लावण्यास कोणतीही अडचण येत नाही. किंबहुना गोचिडीच्या बाबतीत ते जितके चपखल बसते तितके क्वचितच कोठे बसत असेल.

व्यवहारात आपण पहिले दोन टप्पे करतो व तिसरा सोडून देतो. गोचिडींचा त्रास दरवर्षी परत येण्याचे मुख्य कारण हेच आहे.

गोचिडीचा जीवनक्रम

गोचीड हा कीटक नव्हे. कोळी व विंचू यांच्या वर्गातील तो जीव आहे. अंडे, सहा पायांचे पिलू (लार्व्हा), आठ पायांची मधली अवस्था (निंफ) व प्रौढ गोचीड अशा चार अवस्थांतून तिचे आयुष्य जाते. अंड्यानंतरच्या प्रत्येक अवस्थेला पुढे जाण्यासाठी रक्त लागते. आपल्या भागात तीन प्रकार प्रामुख्याने लक्षात ठेवावेत.

पहिला प्रकार गाई-म्हशींवरील रिपिसेफॅलस मायक्रोप्लस. हिची पिले एकदा जनावरावर चढली की तिन्ही अवस्था त्याच जनावरावर पूर्ण करतात. त्यास सुमारे तीन आठवडे लागतात. त्यानंतर रक्ताने फुगलेली मादी खाली गळून पडते, जमिनीवर आडोशाला दोन-तीन हजार अंडी घालते व मरते. त्या अंड्यांतून निघालेली पिले गवताच्या पात्यावर चढून पुढील जनावराची वाट पाहतात.

दुसरा प्रकार कुत्र्यांवरील तपकिरी गोचीड, रिपिसेफॅलस सँग्विनियस. माणसाच्या घरात शिरते ती मुख्यतः हीच. प्रत्येक अवस्थेत रक्त पिऊन ती कुत्र्यावरून खाली उतरते, भेगेत जाऊन कात टाकते व पुन्हा कुत्रा शोधते. जमिनीपेक्षा वर चढण्याकडे तिचा कल असतो. म्हणून भिंतीवर, चौकटीच्या फटीत, छताच्या कडेला, पलंगाच्या सांध्यांत ती सापडते. उष्ण हवेत दोन-तीन महिन्यांत तिची एक पिढी पूर्ण होऊ शकते, आणि त्यातील जेमतेम काही आठवडे ती कुत्र्याच्या अंगावर असते. अन्न मिळाले नाही तरी प्रौढ गोचीड अनेक महिने तग धरते. बंद पडलेल्या घरात शिरताच गोचिडी अंगावर येतात, त्याचे कारण हेच.

तिसरा प्रकार हायलोमा. पायांवर फिकट पट्टे असलेली ही चपळ गोचीड कोरड्या प्रदेशात व गोठ्यांच्या भिंतींत चांगली टिकते. गवतावर वाट पाहत बसण्याऐवजी प्रौढ हायलोमा सावजाच्या दिशेने धावत येते. मानवी आरोग्याच्या दृष्टीने हिचे महत्त्व अधिक आहे. त्याचा विचार पुढे येईल.

आपल्या भागाची स्थिती

लाल कंधारी व देवणी हे आपल्या दोन जिल्ह्यांचे भूषण असलेले गोवंश. भारतीय गोवंश गोचिडींना व त्यांच्यामुळे होणाऱ्या रोगांना संकरित जनावरांच्या तुलनेत अधिक प्रतिकार करतात. होल्स्टीन व जर्सी संकराच्या गाई मात्र या रोगांना लवकर बळी पडतात. थायलेरियाच्या रोगात लसिकाग्रंथी सुजतात व जनावर फिके पडते. बबेसियाच्या रोगात मूत्र लाल होते. दूध एकाएकी घटते. दुधाच्या जोडधंद्यावर ज्यांचे घर चालते त्यांच्या दृष्टीने एक संकरित गाय दगावणे हा मोठाच आघात असतो. जुन्या पिढीतील शेतकरी "आमच्या बैलांना गोचिडी होत्याच की" असे म्हणतो, तेव्हा त्याचा बैल देशी होता व आता दावणीला संकरित गाय आहे, हा फरक त्याला समजावून सांगणे अगत्याचे ठरते.

दुसरी गोष्ट घरांच्या रचनेची. दगड व मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे माळवद ही मराठवाड्यातील जुनी बांधणी. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात याच बांधणीने अनेकांचे प्राण घेतले. आजही अनेक गावांत राहते घर सिमेंटचे झाले असले तरी जुन्या वाड्याच्या पडक्या भिंतींच्या आडोशाला जनावरे बांधली जातात. दगडांमधील माती गळून पडलेली अशी भिंत म्हणजे गोचिडींची वसाहतच होय. पूर्वी शेणामातीचे सारवण व पोतेरे नियमित होत असे. त्याचा एक लाभ असा, की बारीक भेगा आपोआप बुजत. राहत्या घराला फरशी आली आणि गोठ्याचे सारवण थांबले. भेगा मात्र राहिल्या.

तिसरी गोष्ट जनावरांच्या येण्या-जाण्याची. लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा आणि उदगीर तालुक्यातील हाळी-हंडरगुळीचा बाजार येथे दूरदूरची जनावरे एकत्र येतात. नवे जनावर घरी येते तेव्हा त्याच्या अंगावरून गोचिडीही येतात. खरेदी केलेले जनावर थेट दावणीला न बांधता दोन-तीन आठवडे वेगळे ठेवणे व या काळात त्याचे गोचीड-निर्मूलन करणे, हा नियम पाळणारे पशुपालक अजून थोडे आहेत.

पहिला टप्पा : अपकर्षण

चरकाचार्यांनी अपकर्षण हे विचारपूर्वक, उपकरणासह वा उपकरणाविना करावे असे सुचविले आहे. गोचिडीच्या बाबतीत उपकरण वापरणेच इष्ट. सुश्रुतसंहितेत वर्णिलेले संदंश यंत्र, म्हणजेच आजचा बारीक टोकाचा चिमटा, हे येथे योग्य साधन होय.

माणसाच्या त्वचेत रुतलेली गोचीड काढताना पुढील क्रम पाळावा. हातमोजे घालावेत. चिमट्याने गोचिडीला तिच्या फुगलेल्या पोटाशी न धरता त्वचेला अगदी लगत, तोंडाच्या भागाशी धरावे. पिळा न देता, हिसका न देता, सावकाश सरळ वर ओढावे. तोंडाचा बारीक भाग आत राहिलाच आणि तो सहज निघत नसेल, तर त्वचा उकरू नये. तो काही दिवसांत आपोआप बाहेर पडतो. जागा साबण व पाण्याने स्वच्छ धुवावी. काढलेली गोचीड झाकणाच्या लहान बाटलीत स्पिरिटमध्ये ठेवावी व तारीख लिहून ठेवावी. पुढे ज्वर आल्यास या नोंदीचा उपयोग होतो. व्रणासाठी त्रिफळा क्वाथाने प्रक्षालन आदी नेहमीचे उपचार पुरेसे असतात.

गोचिडीवर रॉकेल ओतणे, तेल चोपडणे, विडी वा उदबत्तीचा चटका देणे, चुना लावणे हे प्रकार रूढ आहेत. त्यांनी त्वचा भाजते आणि चिडलेल्या गोचिडीची लाळ व पोटातील द्रव जखमेत उतरण्याचा धोका वाढतो. ते कटाक्षाने टाळावेत, असे रुग्णांना स्पष्ट सांगावे.

जनावरांवरील गोचिडी काढण्याची आपल्याकडची रीत अधिक चिंतेची आहे. घरातील वृद्ध स्त्री किंवा लहान मूल सकाळच्या उन्हात बसून उघड्या हाताने गोचिडी उपटते व दगडावर चिरडते. बोटे रक्ताने भरतात. काही गोचिडजन्य रोग दंशाखेरीज अशा रक्ताच्या स्पर्शानेही होतात. म्हणून रबरी हातमोजे, चिमटा, आणि काढलेल्या गोचिडी टाकण्यासाठी स्पिरिट वा डिझेल घातलेला झाकणाचा डबा या तीन गोष्टी प्रत्येक गोठ्यात असाव्यात. नुसत्या पाण्यात टाकलेली गोचीड लवकर मरत नाही. कान, गळ्याची पोळी, कास, मांडीचा आतील भाग व शेपटीचे मूळ या जागा जनावरात, तर कान, मान व बोटांच्या बेचक्या या जागा कुत्र्यात नित्य तपासाव्यात.

दुसरा टप्पा : प्रकृतिविघात

निंब, करंज, वेखंड व विडंग ही कृमिघ्न द्रव्ये आपल्या परिचयाची आहेत. त्यांचा उपयोग करताना त्यांच्या कार्याची रीत व मर्यादा दोन्ही जाणाव्यात. निंबबीजातील ॲझाडिरॅक्टिन हे द्रव्य प्रामुख्याने वाढ व कात टाकण्याच्या क्रियेत अडथळा आणते. तत्काळ मारक परिणाम त्याच्याकडून अपेक्षू नये. सूर्यप्रकाशात त्याची शक्ती लवकर क्षीण होते. सबब निंबतेलाचा वा करंजतेलाचा प्रयोग सौम्य प्रादुर्भावात, पुनःपुन्हा व सायंकाळी करावा. गोचिडींनी भरलेल्या, फिक्या पडलेल्या जनावरावर केवळ तेल लावून वेळ दवडणे योग्य नाही.

सीताफळाच्या बियांचे चूर्ण आपल्या भागात उवांसाठी व गोचिडींसाठी सर्रास वापरले जाते. ते मारक आहे, यात शंका नाही. परंतु डोळ्यात गेल्यास स्वच्छमंडलास गंभीर इजा होते. लहान मुलांच्या डोक्याला ते लावू देऊ नये व जनावराच्या मुखाजवळ वापरू नये. तंबाखूचे पाणी हेही तसेच. त्यातील निकोटिन त्वचेतून शोषले जाते व वासरे तसेच माणसे यांना विषबाधा होऊ शकते. वनस्पतिज म्हणजे निर्धोक हा समज आपणच दूर केला पाहिजे, कारण विषवर्गाचा अभ्यास आपल्या शास्त्रात स्वतंत्र तंत्र म्हणून झालेला आहे.

धूपनाबद्दलही दोन शब्द. निंबपत्र, गुग्गुळ, वेखंड, सर्षप यांच्या धूपनाने माश्या व डास काही काळ दूर होतात; परंतु भेगेत खोल बसलेल्या गोचिडीपर्यंत धूर पुरेशा मात्रेत पोहोचत नाही. धूपन हे पूरक कर्म म्हणून करावे, गोचिडींचा मुख्य उपाय म्हणून नव्हे. कडबा व गवत जवळ असलेल्या गोठ्यात विस्तवाची काळजी घेण्याचे विसरू नये.

आधुनिक गोचीडनाशकांत डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, फ्लुमेथ्रिन व अमिट्राझ ही नावे प्रचलित आहेत. कुत्र्यांसाठी फिप्रोनिलचे थेंब व अलीकडच्या काळात तोंडावाटे द्यावयाच्या गोळ्याही मिळतात. त्यांची निवड व मात्रा ठरविणे हे पशुवैद्यकाचे काम आहे. तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना, १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आणि उदगीर व परभणी येथील पशुवैद्यक महाविद्यालये यांचे साहाय्य घेण्यास पशुपालकास सांगावे. आपण जाणून घ्यावयाची गोष्ट अशी, की मात्रा कमी ठेवून वा एकच औषध वर्षानुवर्षे वापरून गोचिडींमध्ये त्या औषधाला दाद न देण्याची शक्ती उत्पन्न होते. भारतात डेल्टामेथ्रिन व सायपरमेथ्रिन यांच्या बाबतीत असे अनेक ठिकाणी आढळून आले आहे.

तिसरा टप्पा : निदानपरिवर्जन

गोचिडीला जगण्यासाठी तीन गोष्टी लागतात : ओलसर आडोसा, भेग आणि जवळून जाणारे सावज. या तिन्ही गोष्टी नाहीशा करणे म्हणजे निदानपरिवर्जन होय.

गोठ्याच्या भिंतीतील भेगा सिमेंटने किंवा निदान शेणामातीच्या गिलाव्याने जमिनीपासून छतापर्यंत बुजवाव्यात. दावणीचा ओटा, खुंट्याचा तळ व गव्हाणीची खालची बाजू सहसा विसरली जाते. भेगा बुजविल्यानंतर चुन्याचा हात द्यावा. ज्या भिंती दुरुस्त होण्याजोग्या नाहीत, त्यांच्याजवळ जनावर बांधणेच बंद करावे. निव्वळ दगडी भिंतीवर ज्योत फिरवून भेगा शेकण्याची पद्धत पशुवैद्यक सुचवितात. परंतु ती गवत, कडबा व लाकडी छप्पर नसलेल्या ठिकाणीच, जाणकाराच्या देखरेखीखाली करावी.

जनावरांवर औषध वापरण्याच्या दिवशीच गोठ्यातही फवारणी झाली पाहिजे. जनावरे बाहेर काढावीत. चारा, पाणी व भांडी हलवावीत. भेगांमध्ये औषध पोहोचेल अशी फवारणी करावी व जागा पूर्ण वाळल्यावरच जनावरे आत घ्यावीत. अंड्यांवर औषधाचा परिणाम भरवशाचा नसतो आणि त्यांतून पिले निघण्यास साधारण दोन ते पाच आठवडे लागतात. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी दुसरी फवारणी व पुढे आवश्यकतेनुसार तिसरी करावी. "एकदाच मारून टाकतो" ही वृत्ती येथे फसते. उरलेले द्रावण विहिरीजवळ, ओढ्यात वा तळ्यात ओतू नये. डेल्टामेथ्रिनसारखी द्रव्ये मासळीला अत्यंत विषारी आहेत.

अंगणातील गवत आखूड ठेवावे. पालापाचोळा, जुन्या विटा, पोती व लाकडांचे ढीग घराच्या भिंतीला लावून ठेवू नयेत. कडब्याची गंज घरापासून दूर असावी. ऊन हे गोचिडीच्या अंड्यांचे व पिलांचे मोठे शत्रू आहे. म्हणून अंगणात ऊन पोहोचू देणे हाच निम्मा उपाय समजावा. घर व झुडपी कुंपण यांच्यामध्ये तीन-एक फुटांचा मुरमाचा कोरडा पट्टा ठेवल्यास गोचिडींचे येणे कमी होते. पाळीव कुत्रा जेथे झोपतो ती जागा ठरलेली असावी. त्याचे पोते वा चादर दर आठवड्यास कडक पाण्यात धुऊन उन्हात वाळवावी. घरात गोचिडी झाल्यास चौकटी, कोनाडे, पलंगाचे सांधे व चित्रांच्या मागील बाजू तपासाव्यात, आणि झाडलेला केर लगेच जाळावा वा बंद पिशवीत टाकावा. कोंबड्या गोचिडी वेचून खातात हे खरे. पण केवळ त्यांच्यावर विसंबून राहू नये, कारण खुराड्याच्या भेगांत कोंबड्यांच्या स्वतंत्र गोचिडी राहतात.

ज्वराच्या रुग्णास विचारावयाचा एक प्रश्न

आता आपल्या चिकित्सालयाकडे वळू. पावसाळ्यात व त्यानंतर येणाऱ्या ज्वराच्या रुग्णांत आपण हिवताप, डेंग्यू व विषमज्वर यांचा विचार करतो. त्यात एका प्रश्नाची भर घालावी : "गेल्या दोन-तीन आठवड्यांत गोचीड चावली होती का, किंवा जनावराच्या, कुत्र्याच्या गोचिडी हाताने काढल्या होत्या का?"

या प्रश्नाचे महत्त्व तीन रोगांवरून कळेल. कुत्र्यावरील गोचिडींमुळे होणारा रिकेट्सियाचा ज्वर आपल्या देशात सर्वत्र आढळतो. तीव्र ज्वर, शिरःशूल, अंगमर्द आणि काही दिवसांनी तळहात व तळपायांसह अंगावर उठणारे पुरळ ही त्याची लक्षणे. दंशाच्या जागी काळी खपली असेलच असे नाही. याच्याशी मिळताजुळता स्क्रब टायफस हा रोग गोचिडीमुळे होत नसून झुडपांतील सूक्ष्म माइटच्या पिलांमुळे होतो; २०१८ साली नागपूर व विदर्भात त्याने बळी घेतले. वेल-फेलिक्स ही स्वस्त चाचणी नकारात्मक आली म्हणून यांपैकी कोणताही रोग नाकारता येत नाही. दोन्ही रोग डॉक्सिसायक्लिनने बरे होतात, मात्र ते वेळेवर सुरू व्हावे लागते. म्हणून गोचिडीचा इतिहास व तीव्र ज्वर एकत्र असल्यास रुग्णास त्याच दिवशी योग्य रुग्णालयात पाठवावे व चिठ्ठीवर हा इतिहास स्पष्ट लिहावा.

दुसरा रोग क्यासनूर जंगलज्वर. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात आढळलेल्या व पुण्याच्या तत्कालीन विषाणू संशोधन केंद्राने शोधलेल्या या रोगाने २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात मोठा उपद्रव केला. आपल्या कोरड्या भागातील हा रोग नव्हे. परंतु काजूच्या हंगामात वा इतर कामासाठी कोकणात जाऊन आलेल्या मजुरास ज्वर असेल, तर प्रवासाची विचारणा करावी.

तिसरा रोग क्रायमियन-काँगो रक्तस्रावी ज्वर. हायलोमा गोचीड ही त्याची प्रमुख वाहक. जानेवारी २०११ मध्ये गुजरातच्या साणंद तालुक्यातील एका स्त्रीच्या मृत्यूनंतर हा रोग भारतात प्रथम नोंदला गेला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने निदान केले. त्या रुग्णेवर उपचार करणारे डॉक्टर व परिचारिका हेही त्याच रोगाने दगावले. सप्टेंबर २०२० मध्ये पालघर जिल्हा प्रशासनाने या रोगाबाबत दक्षतेच्या सूचना काढल्या होत्या. गोचीडदंशानंतर साधारण एक ते तीन दिवसांत, फार तर नऊ दिवसांत, आणि रक्तस्पर्शानंतर पाच-सहा दिवसांत, फार तर तेरा दिवसांत हा ज्वर येतो. ज्या जनावराच्या रक्तात विषाणू असतो ते जनावर निरोगी दिसते. त्यामुळे "आमचे जनावर तर ठणठणीत आहे" या उत्तरावर विसंबता येत नाही.

वाचकांना भयभीत करण्याचा येथे हेतू नाही. परंतु यातून आपल्यासाठी एक स्पष्ट नियम निघतो. गोचिडीचा वा जनावरांच्या रक्ताचा संपर्क आणि ज्वर असलेल्या रुग्णात हिरड्यांतून, नाकातून, त्वचेखाली कोठेही रक्त दिसत असेल, तर जलौका, सिरावेध वा अन्य रक्तमोक्षण तसेच पंचकर्म करू नये. स्नायूत सुई टोचू नये. ॲस्पिरिन व तत्सम वेदनाशामके देऊ नयेत. हातमोजे व मुखपट्टी घालून तपासावे, रुग्णास वेगळे बसवावे, आणि जिल्हा रुग्णालयास दूरध्वनी करून मगच पाठवावे. रक्तमोक्षण हे आपल्या शास्त्रातील प्रभावी कर्म आहे. म्हणूनच ते कोठे करू नये हे ठाऊक असणे आपले उत्तरदायित्व ठरते. अशा प्रसंगी वैद्याचा, परिचारकाचा व पुढील रुग्णाचा जीव पणाला लागलेला असतो.

औषधविक्रेत्यांसाठी

ग्रामीण भागात गोचीडनाशकाची बाटली देणारा विक्रेता हाच पुष्कळदा एकमेव सल्लागार असतो. त्याने पाच गोष्टी आवर्जून कराव्यात.

१. औषध माणसासाठी, कुत्र्यासाठी, मांजरासाठी की गाई-म्हशींसाठी हवे, हे आधी विचारावे. परमेथ्रिन असलेली कुत्र्यांची औषधे मांजरास मारक ठरतात. अमिट्राझ घोड्यांवर वापरू नये. जनावरांचे औषध माणसाच्या अंगाला लावण्यास कधीही देऊ नये.

२. सुटे औषध पाण्याच्या वा शीतपेयाच्या बाटलीत भरून देऊ नये. अमिट्राझ पोटात गेल्यास गुंगी येते, नाडी मंद होते, बाहुल्या बारीक होतात व रक्तशर्करा वाढते. ही लक्षणे कीटकनाशकाच्या नेहमीच्या विषबाधेसारखी दिसल्याने निदानात घोटाळा होतो. रुग्णाबरोबर मूळ बाटली रुग्णालयात न्यावी, हे गिऱ्हाइकास सांगून ठेवावे.

३. वेष्टनावर लिहिलेले मिसळण्याचे प्रमाण मोठ्याने वाचून दाखवावे. "झाकणभर टाका" हे प्रमाण नव्हे.

४. दुभत्या जनावरावर वापरानंतर दूध किती काळ वापरू नये, हे वेष्टनावरून पाहून सांगावे.

५. बाटलीबरोबर हातमोजे व चिमटा सुचवावा, आणि दोन-तीन आठवड्यांनी गोठ्याच्या दुसऱ्या फवारणीची आठवण द्यावी.

वर्षाचे नियोजन

कोणताही आरोग्यविषयक नियम सणावारांशी जोडला की तो लोकांच्या अंगवळणी पडतो. उन्हाळ्यात, मृगापूर्वी, गोठ्याच्या भेगा बुजविणे व चुना देणे हे काम उरकावे. कारण त्या वेळी भिंती कोरड्या असतात व शेतकऱ्यास सवड असते. पावसाळ्यात दर आठवड्यास जनावरांची तपासणी करावी. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीच्या वेळी बैलाच्या अंगावरून हात फिरतोच. त्याच वेळी सर्व जनावरांच्या कानांत, पोळीत व शेपटीखाली पाहावे. मार्गशीर्षात माळेगाव यात्रेतून आणलेले जनावर वेगळे बांधावे. येळवशीला सारे कुटुंब रानात जेवावयास जाते. परतल्यावर लहान मुलांचे कान, मान, काखा व जांघा तपासून मगच त्यांना झोपू द्यावे.

उपसंहार

गोचीड अंगावर दिसते, म्हणून आपण अंगावर उपचार करतो. तिचे घर मात्र भिंतीत व गवतात असते. अपकर्षण योग्य साधनाने व झाकलेल्या हातांनी करावे, प्रकृतिविघात द्रव्याची मर्यादा ओळखून करावा, आणि निदानपरिवर्जनाशिवाय चिकित्सा पूर्ण झाली असे मानू नये. यापुढे "गोचिडीचे औषध द्या" अशी मागणी आली, की बाटली काढण्यापूर्वी "जनावर कोठे बांधता व कुत्रा कोठे झोपतो" हे विचारावे. आणि ज्वराचा रुग्ण आला, की गोचिडीबद्दल विचारावे. या दोन प्रश्नांना पैसा लागत नाही, परंतु त्यांनी एखाद्या घरची दुभती गाय व एखाद्या रुग्णाचा जीव वाचू शकतो. सर्व वैद्यबंधू-भगिनींनी व औषधविक्रेत्यांनी येत्या पावसाळ्यापासून हे प्रश्न आपल्या नित्य व्यवहारात समाविष्ट करावेत, ही नम्र विनंती.